मीटरवाले तात्या

द्राक्षाच्या बागेवर ज्याचं पोट आहे, तो माणूस पाण्याकडे संशयानंच बघतो. फवारणीचं पाणी जड असलं की महागडं औषध वाया जातं. जीए म्हणजे घड बुडवायचं संजीवक, त्याच्या पाण्याचा पीएच साडेपाच-सहाच्या घरात आणला नाही, तर डिपिंगचा पुरता गुण येत नाही. म्हणून खिशात पीएच मीटर घालून फिरणाऱ्या शेतकऱ्याचं वणी-दिंडोरीकडे कुणाला नवल वाटत नाही. बाकीचे लोक मीटर शेडमध्ये ठेवून घरी जेवायला जातात, तात्या तो घरात घेऊन आले, इतकाच काय तो फरक.

एका वर्षी मालाला बरा भाव मिळाला आणि तात्यांनी हॉलमध्ये फिश टँक बसवला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. नाशिकच्या दुकानदारानं बजावून सांगितलं, "मासे नंतर न्या, आधी पाणी तयार करा." तात्यांना हे जरा लागलं. "पाणी तयार करा म्हणजे? घरचा बोअर आहे. आमच्या बापानं पाणाड्या आणून, त्याच्या हातावर नारळ उभा राहिला तिथं घेतलेला." दुकानदार पाणाड्यांच्या भानगडीत पडला नाही. त्यानं निऑन टेट्राची पिशवी मात्र त्या दिवशी विकायला नकार दिला. वणीच्या एसटीत रिकाम्या हातानं बसलेले तात्या घरी पोचेपर्यंत पाणीतज्ज्ञ झाले होते.

तेव्हापासून घरातल्या पाण्याला जाती लागल्या. बोअरचं, विहिरीचं, नळाचं, जारचं, शेततळ्याचं आणि पावसाळ्यात पन्हाळीचं. मुलीसाठी स्थळं बघावीत तसं एकेकाचं कूळ-गोत्र काढायला सुरुवात झाली. शेततळं पहिल्याच बैठकीत बाद झालं. बागेवर ब्लोअर चालतो, बोर्डो मारतात, त्याचा धुरळा वाऱ्यानं तळ्यावर येतो. बोर्डोतलं मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं माशाला विष. हे तात्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. फवारणीची बादली टँकच्या आसपास दिसली तर ते सालदारावर जेवढे ओरडायचे, तेवढे बागेवर डाऊनी रोग आल्यावरही ओरडले नसतील. जारचं पाणी टीडीएस मीटरवर पन्नासच्याही खाली निघालं, तेव्हा आधी आनंद झाला. मग दुकानदार फोनवर म्हणाला की या पाण्यात माशाला लागणारे क्षारच उरलेले नसतात, पीएचलाही धरबंध राहत नाही, नुसतं तेच वापरू नका. तात्यांनी तो जार पाहुण्यांच्या चहाला लावला.

खरी मौज बोअरची. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्यात मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊनच वर येतं. बादली तळाशी पांढरी होते, गिझरची कॉइल पापुद्रे धरते. तात्यांनी मोटार चालू करून ताजं पाणी मापलं तर पीएच सात पूर्णांक दोन. खूश होऊन त्यांनी टँक भरला, हवेचा पंप लावला आणि झोपले. सकाळी बघतात तर आठ पूर्णांक एक! मीटर बिघडला म्हणून बफरच्या पुड्या आणल्या, मीटर लावून घेतला, पुन्हा मापलं. आठ पूर्णांक एक. घरातल्या सगळ्यांची चौकशी झाली. "रात्री टँकात कुणी काही टाकलं का?" काकूंनी तर शपथ घेतली.

कुणी काही टाकलेलं नव्हतं. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, त्यामुळे ते वर आल्या आल्या पीएच कमी दाखवतं. पंपाच्या बुडबुड्यांनी तो वायू उडून गेला की पाणी आपला खरा आकडा सांगतं. म्हणून बोअरचं पाणी एक दिवस हवा देऊन मगच मापायचं असतं. तात्यांना हे समजलं, पण आठाचा आकडा त्यांना सोसेना. निऑन पडला अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ आणि जरा आंबट पाणी मानवतं. तात्यांनी शेडमधून फॉस्फोरिक अॅसिड आणलं. जीएच्या ड्रमात टाकतात तसं थेंब-थेंब टाकून संध्याकाळी साडेसहावर आणलं आणि मुठी वळून म्हणाले, "बसला!" सकाळी तो पुन्हा उठून पावणेआठावर गेलेला. संध्याकाळी पुन्हा थेंब, सकाळी पुन्हा चढण. पाण्यात बायकार्बोनेट शिल्लक आहे तोवर अॅसिडचं काही फार चालत नाही, हे ड्रममध्ये कळत नाही, कारण ड्रम तासाभरात रिकामा होतो. टँकमधल्या माशाला तिथंच राहायचं असतं. आठावर स्थिर असलेलं पाणी त्यानं एक वेळ चालवून घेतलं असतं, दररोजचा हा झोपाळा त्याला झेपणारा नव्हता. वर फॉस्फेटमुळे काचेवर हिरवंगार शेवाळ धरलं, ते वेगळंच. निऑनची पहिली तुकडी अशी गेली. तात्यांनी त्यांना डाळिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि आकडे वहीत लिहिले.

मग ग्रामपंचायतीच्या नळाची पाळी आली. हे पाणी बोअरपेक्षा हलकं निघालं, पण त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो, फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. पाणी सोडणाऱ्या माणसाला तात्यांनी चौकात गाठलं. "आज किती टाकली?"

"तात्या, कालवून टाकतो, जेवढी टाकायला सांगितली तेवढी. कुणाच्या घरी हगवण आहे का?"

"माणसांचं नाही विचारत मी."

तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. पुढे तात्यांनी ओटी चाचणीची बाटलीच मिळवली. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. पावसाळ्यात साथ आली की रंग गडद होतो. उघड्या पसरट भांड्यात पाणी एक दिवस ठेवलं, शिवाय हवा दिली, की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे दोन-चार खडे मिनिटांत काम करतात. तात्यांना खड्यांची घाई मान्य नव्हती, त्यांना मुरवणं पसंत. मोरीत बादल्यांची रांग लागली, प्रत्येकीवर खडूनं वार लिहिलेला. घरातल्यांनी जिथं पाय ठेवायचा तिथं विचारून ठेवायचा.

अशात देवीच्या दर्शनाला निघालेले मेहुणे मुक्कामाला आले. पहाटे उठून त्यांनी 'मंगळवार' अंगावर घेतला.

"ते चोवीस तासांचं होतं!" मोरीच्या दाराबाहेरून तात्या कळवळले.

"तरीच एवढं गार," आतून मेहुणे म्हणाले, आणि 'बुधवार'कडे वळले.

तात्यांच्या जिज्ञासेला देवाधर्माचंही कुंपण नव्हतं. कोजागरीला गडावर सप्तशृंगीला नद्यांच्या पाण्याचा अभिषेक होतो. कावडी घेऊन लोक पायी येतात. त्यातली एक टोळी रस्त्याकडेला विसाव्याला थांबली होती. कावड जमिनीला टेकवायची नसते, म्हणून ती आळीपाळीनं खांद्यावरच होती. तात्यांनी हात जोडले, पाया पडले, चहा पाजला आणि मग हळूच विचारलं, "बाबा, पाणी कुठलं?"

"गोदामाईचं. त्र्यंबकहून."

"दोन थेंब मिळतील? नुसतं मापायला."

म्हाताऱ्यानं मीटरकडे पाहिलं. "देवीला चालतं हे पाणी. मंग तुम्हाला काय मापायचं त्याच्यात?"

"देवीला चालंल हो," तात्या गंभीरपणे म्हणाले, "पण निऑनचं काही सांगता येत नाही."

काकूंनी त्यांना दंडाला धरून घरी आणलं.

मला विचाराल तर पाण्याची पारख तात्यांना उत्तम होती. त्यांना जमत नव्हतं ते थांबणं, आणि तेही फक्त हॉलमध्ये. बागेत हाच माणूस ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत चार-साडेचार महिने गप्प बसतो. दुकानदारानं सांगितलं होतं की टँक महिना-सव्वा महिना माशाविना चालवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो. तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू आधी येतात, नायट्राइटचं नायट्रेट करणारे त्यांच्यामागून. दोघंही फिल्टरमध्ये वस्तीला आले की पाणी तयार. तात्या म्हणाले, "रिकाम्या टँकला खायला घालू? लोक काय म्हणतील?" त्यांनी पंधरा दिवसांतच मासे सोडले. पीएच एकानं वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि तात्यांचं पाणी तर आठाचं. दुसऱ्या तुकडीसाठीही डाळिंबाखाली जागा निघाली.

डाळिंब त्या वर्षी जोरात आलं.

मग एका पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण निघाले, म्हणून आरोग्य सेवक घरोघर फिरू लागला. बॅरल उलटे करा, टायर हलवा, असं सांगत तो तात्यांच्या गोठ्यापर्यंत आला. तिथला सिमेंटचा हौद बघून त्यानं हातातल्या कॅनमधून मूठभर गप्पी मासे आत सोडले. "अळ्या खातात," म्हणाला आणि वहीवर सही घेऊन गेला. हौदात बोअरचं पाणी, तेही मोटार चालू झाली तरच. वर शेवाळाची साय, कडेला कडब्याच्या काड्या. म्हैस दोन वेळा तोंड घालून अर्धा हौद रिकामा करायची. मीटर नाही, वार नाही, मुरवणं नाही. दिवाळीपर्यंत हौदात गप्पीच गप्पी झाले. गप्पी अंडी न घालता थेट पिलं देतो, आणि जड पाणी त्याला आवडतंच.

तात्या हौदाकाठी बसून राहिले. मीटर बुडवला, आठ पूर्णांक दोन. टीडीएस मापला, वही काढली, लिहिलं. टीडीएसचा आकडा त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिला. मी म्हटलं, "तात्या, आता हेच गप्पी आणि हेच पाणी टँकात नेऊन टाका, मिटलं सगळं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहिरीत टीसीएलची गोणीच ओतली आहे. मग गोठ्याकडे मान वळवून सालदाराला हाक मारली.

"अरे, म्हशीला उद्यापासून बादलीनं पाणी पाज. पाण्याची लेव्हल खालीवर होते इथं."