पहिल्याच वर्षाचा हप्ता दाखवणाऱ्या साहेबांना खुले पत्र

साहेब,

नमस्कार. मायन्यात ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे. ते मी मुद्दाम गाळले आहे.

माझा दादा एसटीत वाहक होता. वयाच्या ४६व्या वर्षी तो तुमच्या बँकेत मुदत ठेव मोडायला आला आणि गंभीर आजाराचा विमा घेऊन घरी गेला. तुम्ही त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते. एकात हप्ता मुदत संपेपर्यंत तोच राहणार होता, दुसऱ्यात वयोगट बदलला की वाढणार होता. दुसऱ्याच्या पहिल्या वर्षाच्या आकड्याभोवती तुम्ही पेनाने गोल काढलात आणि म्हणालात, ‘काका, निम्म्याहून कमी पैशांत तेच काम होतंय.’ पुढच्या वयोगटांचा तक्ता त्याच कागदाच्या मागच्या बाजूला छापलेला होता. कागद उलटायला तुमचे किती श्रम गेले असते?

हा विमा ज्याच्या खटपटीतून जन्माला आला, तो माणूस डॉक्टर होता. दक्षिण आफ्रिकेचे शल्यविशारद मारियस बर्नार्ड. १९६७ मध्ये त्यांचे भाऊ ख्रिस्तियान यांनी जगातले पहिले मानवी हृदयरोपण केले, त्या चमूत तेही होते. आपण वाचवलेले रुग्ण पुढे पैशाअभावी खचतात, हे त्यांनी पाहिले. त्यांच्याच पुढाकाराने १९८३ मध्ये तिथे अशी पहिली पॉलिसी निघाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास शस्त्रक्रिया एवढेच तिच्यात होते. या गोष्टींचा धोका पन्नाशीनंतर वाढत जातो. म्हणजे विमा टिकायला हवा तो त्या वयात. तुम्ही दादाच्या गळ्यात मारलात तो नेमका त्या वयात डोईजड होणारा.

तुम्ही न केलेला हिशेब मी करतो. आकडे कुठल्या कंपनीचे नाहीत, समजण्यापुरते आहेत. ३६व्या वर्षी घेतलेल्या स्थिर हप्त्याच्या पॉलिसीला वर्षाला ९,००० रुपये पडतात असे धरू. २५ वर्षांचे होतात २,२५,०००. वाढता हप्ता पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत वर्षाला ३,०००, ५,०००, ९,०००, १६,००० आणि २७,००० असे धरले तर एकूण ३,००,०००. पण विसाव्या वर्षापर्यंत वाढत्या हप्त्यावाल्याचे १,६५,००० गेलेले असतात आणि स्थिरवाल्याचे १,८०,०००. तोवर तुमचा गोल खराच ठरतो. उरलेल्या पाच वर्षांत चित्र उलटते, आणि तेव्हा माणूस निवृत्तीला टेकलेला असतो.

वाढता हप्ता वाईटच, असे मी म्हणत नाही. पंचेचाळिशीत गृहकर्ज फिटणार असेल आणि तेवढ्यापुरतेच संरक्षण हवे असेल, तर तोच घ्यावा. स्थिर हप्त्यातही बघायच्या गोष्टी आहेत: दराची हमी पूर्ण मुदतीची आहे की पहिल्या काही वर्षांचीच, मुदत ६०व्या वर्षी संपते की ७५व्या, आणि टर्म विम्याला जोडलेले पूरक संरक्षण (रायडर) असेल तर आजारात मिळालेली रक्कम मृत्यूनंतरच्या रकमेतून वजा होते का. हे सगळे ग्राहकाने ठरवायचे असते. दादासाठी ते तुम्ही ठरवलेत, तेही त्याला न सांगता.

शिवाय वाढ दोन वाटांनी येते. वयोगटाची वाढ तक्त्यात आधीच लिहिलेली असते. दुसरी वाढ तक्त्यात नसते: दावे वाढले म्हणून कंपनी सगळ्यांचेच दर बदलू शकते. दादावर दोन्ही आल्या. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायला, आपल्याशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय, मनाई केली. पण ते संरक्षण साठीपासून पुढचे. दादा पंचावन्नचा होता.

त्याने पॉलिसी सोडली. भरलेल्या पैशातला एक रुपयाही परत आला नाही, कारण यात बचत नसतेच. आता त्याला मधुमेह आहे. नव्या पॉलिसीसाठी अर्ज केला तर नकार आला. जुनी पॉलिसी चालू असती, तर नंतर जडलेल्या मधुमेहामुळे तिचे नूतनीकरण कोणी अडवले नसते. हे तुम्हाला तेव्हाही माहीत होते. दादाला ते तुमच्या तोंडून कळायला हवे होते.

उद्याही तुमच्या टेबलापुढे कोणी वाहक, शिक्षिका, भाजीवाली बसेल. दोन्ही पर्यायांचे शेवटच्या वयापर्यंतचे हप्ते एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा, मराठीत लिहा आणि सहीआधी तो कागद घरी न्यायला द्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, हेही तोंडाने सांगा. नियमाने ती सोय दिलेली आहे, ती तुमची मेहेरबानी नव्हे.

दादाने माहितीपत्रक जपून ठेवले आहे. तुमचा गोल अजून त्यावर आहे. त्याची छायाप्रत या पत्रासोबत तुमच्या शाखाधिकाऱ्यांना पाठवली आहे, आणि लेखी उत्तर मागितले आहे.

तुम्ही ज्याला ‘काका’ म्हणालात, त्याचा धाकटा भाऊ