टग्या बोक्यांची मैत्रीमीमांसा

मैत्रीवर आपल्याकडे उदंड लिहून झालं आहे. सुदाम्याचे पोहे झाले, कर्णाने खाल्लेलं मीठ झालं, नवविधा भक्तीत 'सख्या'साठी एक खोलीही राखून झाली. पण आधी कानफटात आणि मग गळ्यात हात, या जातीच्या मैत्रीला शास्त्रात अजून स्वतंत्र प्रकरण मिळालेलं नाही. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत लेखक जपानी मांगांकडे, म्हणजे चित्रकथांकडे, वळला आणि तिथेही पोरांना ओलांडून थेट बोक्यांपाशी जाऊन थांबला. मांजर माणसाला आडवं गेलं तर अपशकुन, माणूस मांजराला आडवा गेला तर संशोधन.

आधारग्रंथ आहे आत्सुशी ओकादा यांची 'न्यांकीज' ही मांगा. गल्लीतली भटकी मांजरं इलाख्यासाठी मारामाऱ्या करतात, एवढंच तिचं कथाबीज. गंमत अशी की ही मांजरं आपल्याला दिसतात ती 'यांकी' पोरांच्या रूपात. यांकी म्हणजे जपानी शाळांतले टगे. 1970 आणि 80च्या दशकांत त्यांची चलती होती. केस रंगवलेले किंवा कपाळावर फुगा काढलेले. गणवेशाचा कोट एक तर गुडघ्याखाली लोंबणारा, नाहीतर कमरेशीच संपणारा. मधलं माप यांकीला अमान्य. दुकानाबाहेर टाचा टेकून उकिडवं बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारायचे. उकिडवं बसणं आपल्या एसटी स्टँडावर कंटाळ्याचं लक्षण, तिकडे बंडाचं. (आपल्याकडे दिलीप प्रभावळकरांनी एका वांड पोराला 'बोक्या' म्हटलं, जपान्यांनी बोक्यालाच वांड पोरगा केलं. दोन्ही संस्कृतींचं निरीक्षण एकच, दिशा उलट.)

आता पूर्वसूरी. या शास्त्राचे आद्य आचार्य नात्सुमे सोसेकी. 1905 साली छापून येऊ लागलेल्या त्यांच्या कादंबरीचा निवेदक एका मास्तरांकडे राहणारं बिननावाचं मांजर आहे. त्याच्या शेजारात रिक्षावाल्याचा काळा बोका कुरो राहतो. अंगाने आडदांड, तोंडाने शिवराळ, आळीत त्याचा दरारा. तू उंदीर किती मारलेस, असं तो निवेदकाला दरडावून विचारतो. निवेदकाच्या नावावर एकही नाही. म्हणून तो कुरोचीच तारीफ सुरू करतो आणि कुरो विरघळतो. मुंगसासारख्या एका प्राण्याने शेवटच्या क्षणी सोडलेल्या दुर्गंधीने आपली कशी दाणादाण उडाली, तेही सांगून टाकतो. दादा लोक आपला पराभव फक्त मित्राला सांगतात, हा या शास्त्रातला पहिला सिद्धान्त इथे सापडतो. कुरोची खरी कळ मात्र वेगळीच आहे. मारलेले उंदीर मालक हिसकावून पोलीस चौकीत नेतो आणि नगाला पाच सेन कमावतो. कुरोच्या वाट्याला काही नाही. तोक्यो शहर तेव्हा प्लेगच्या धास्तीने उंदीर विकत घेत होतं. 1896 साली मुंबईत उतरलेली प्लेगची साथ ती हीच.

दुसरे आचार्य सातोरु त्सुदा. 1980च्या सुमारास त्यांनी मांजराच्या पिल्लांना बाहुलीच्या मापाचे यांकी कपडे चढवून फोटो काढले. या पिल्लांच्या म्होरक्याचं नाव माताकिची. पिल्लांच्या नावाने निघालेले खोटे वाहन परवाने पोरांनी इतके विकत घेतले की आरटीओलाही हेवा वाटावा. पण यात मैत्री नाही की वैर नाही, नुसती ऐट आहे. पुढे चलू.

मैत्रीचा खरा पाठ मानवी टग्यांच्या मांगांत घातला गेला. 1968 साली 'जंप' या मांगा नियतकालिकात हिरोशी मोतोमियांनी जो म्होरक्या पोरगा आणला, तो ज्याला लोळवी तो त्याचा साथीदार होई. 1983ची 'बी-बॉप हायस्कूल', 1990ची 'क्रोज' ही पुढची पाठशाखा. नदीकाठचा बांध, मावळता सूर्य, दोघे एकमेकांना थकेपर्यंत बुकलतात, मग शेजारीशेजारी उताणे पडून हसतात, आणि पुढच्या प्रकरणात पाठीला पाठ लावून तिसऱ्याशी लढतात. इथे पूर्वपक्षी विचारेल, ही निव्वळ वाङ्मयीन सोय नव्हे काय? बुक्के खाऊन कोणाचं प्रेम वाढलं आहे?

याचं उत्तर माणसांत शोधून मिळत नाही. ते बोक्यांत मिळतं, आणि जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउजेन यांनी ते लिहून ठेवलं आहे. मोकाट बोक्यांच्या काही वस्त्यांत त्यांना एक प्रकारचा बंधुसंघ आढळला. शेजारात एखादा तरुण बोका वयात आला की जुनेजाणते त्याच्या दाराशी येऊन त्याला रीतसर आव्हान देतात. तो बाहेर येतो, मार खातो, घरी जातो, पुन्हा बाहेर येतो. असं बरेच दिवस चालतं. जो टिकतो तो संघात जमा होतो, आणि मग मारामाऱ्या ओसरतात. याच लायहाउजेनांनी मांजरांच्या रात्रीच्या बैठकाही नोंदल्या आहेत: एका मोकळ्या जागी मांजरं जमतात, थोडं अंतर राखून बसतात, कधी एकमेकांना चाटतात, भांडण जवळपास नाहीच, आणि मग आपापल्या घरी जातात. कार्यक्रमपत्रिका नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. मराठी साहित्यसंस्थांनी विचार करावा.

वाटांचा कायदा तर त्याहून सुरेख. एकाच वाटेवर अनेक मांजरांची वहिवाट असते, पण वेळा वेगळ्या. चौकात दोघं समोरासमोर आलीच तर दोघंही बसतात आणि बघत राहतात. कोणीतरी आधी उठेपर्यंत बैठक चालू. वाटेवर आधीच चालू लागलेल्याला वरिष्ठ बोकाही सहसा जाऊ देतो. यांकीचं डोळे वटारणं आणि उकिडवं बसणं यांचं मूळ प्रस्तुत लेखकाच्या मते या चौकात आहे. मानववंशशास्त्रज्ञांनी उगाच दुसरीकडे खणू नये.

आता मुख्य सिद्धान्त. टगा 'चल, भटकायला येतोस?' असं विचारू शकत नाही, इज्जत जाते. 'चल, दाखवतो तुला' असं मात्र म्हणू शकतो. दोन्हींत 'चल' आहेच. ज्याला लोळवायचं त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ कराव्या लागतात, त्याची दुखरी बाजू ओळखावी लागते, तो आठवडाभर दिसला नाही तर चौकशी करावी लागते. एवढी काळजी सख्खा भाऊ घेत नाही. वैर हे भेटण्याचं चारचौघांत खपणारं निमित्त होय. मांगात बोके घातल्याने फायदा एवढाच झाला की निमित्त उघडं पडलं. पोरांना निदान शाळेची घंटा एकत्र आणते. भटक्या बोक्याला कोणाचीच हजेरी द्यायची नसते, तरी तो येतो.

प्रामाणिकपणाखातर उत्तरपक्षाचे दोष. खऱ्या बोक्याच्या चाव्याने गळू होतं, पू होतो, आणि एफआयव्ही नावाचा विषाणू मांजरांत मुख्यतः अशा चाव्यांतूनच पसरतो. मांगातला मलमपट्टीचा एक तुकडा त्यावर चालत नाही. फुकुओकाजवळच्या आइनोशिमा बेटावरच्या मांजरांचा जपानी संशोधकांनी अनेक वर्षं अभ्यास केला. तिथे वजनदार बोक्यांचं जास्त फावतं असं दिसलं. थोडक्यात, धैर्यापेक्षा किलो महत्त्वाचे, आणि हे कुठल्याही नायकाला आवडणार नाही. शिवाय जपानात नसबंदी केलेल्या भटक्या मांजराच्या कानाचं टोक चेरीच्या पाकळीसारखं कापतात, नराचा उजवा, मादीचा डावा. एखाद्या दादाच्या कानावरची खूण लढाईतली की दवाखान्यातली, हे पाहिल्याशिवाय त्याच्या पराक्रमावर विश्वास ठेवू नये.

आणि सर्वांत मोठा आक्षेप माद्यांचा. मांजरांत आई, मावश्या, लेकी एकमेकींजवळ पिल्लं घालतात, एकमेकींची पिल्लं चाटतात, पाजतातही. आव्हान नाही, चौक नाही, निमित्तही लागत नाही. यावर सहा खंडांची मांगा काढायला कोणी धजत नाही, कारण पानोपानी कोणीच कोणाला मारत नाही. सबब निकाल असा: मैत्री या विषयात माद्या प्रथम वर्गात, बोके द्वितीय वर्गात, आणि बोक्यांची कॉपी करणारी शाळकरी पोरं ग्रेस मार्कांवर पास.