वाकळींचे पेशकार

नोकरीतून निवृत्त झालेला, परंतु अधिकारातून न झालेला अव्वल कारकून हा प्राणी महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतो. तथापि माजलगावी तो विशेष जोमाने वाढतो, कारण हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, तरी त्या दरबारची भाषा येथील कारकुनांच्या कंठातून अद्याप पुरती हटलेली नाही. आमचे अण्णा या जातीचे. त्यांच्या घरी भाजीची यादी ‘फर्द’ या नावाने निघते, दूधवाल्याच्या खाड्याचा खुलासा मागविला जातो आणि नातवाने कपबशी फोडली की पंचांसमक्ष पंचनामा होतो.

अशा या पुरुषाच्या वाचनात एकदा आले की, अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड नामक खेड्यात कृष्णवर्णीय बायकांनी जुन्यापान्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाने सन्मानाने भिंतीवर टांगल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. झाले! माजलगावच्या वाकळीने कोणाचे काय घोडे मारले आहे, असा सवाल अण्णांनी स्वतःलाच केला, स्वतःच त्यावर अनुकूल शेरा मारला, आणि अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार ही तिन्ही पदे एकमताने स्वतःकडे घेऊन गोधडी-प्रदर्शनाचा इश्तिहार मारुतीच्या पारापासून मोंढ्यापर्यंत डकविला. मुहूर्त धरला मार्गशीर्षाचा.

तालुक्यातून एकही वाकळ दाखल झाली नाही. अण्णांनी स्मरणपत्रे धाडली, मुदत वाढविली, शेवटी ‘सक्त ताकीद’ असे शब्दही योजले. परंतु ज्या वस्तूचे प्रदर्शन भरवायचे ती वस्तू ऐन थंडीत कोठे असते, हा मुद्दा त्यांच्या टिपणीत राहून गेला होता. निम्म्या वाकळी माणसांच्या अंगावर होत्या, आणि उरलेल्या, दसरा उलटताच उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, मुकादमाच्या ट्रकमधून सांगली-कोल्हापूरकडे रवाना झाले तेव्हा त्यांच्याबरोबर जाऊन, उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत पडल्या होत्या. अण्णांच्या वृद्ध आत्याबाईंनी हा अर्ज एका वाक्यात निकालात काढला. “कामून रं लेका, थंडीत वाकळा मागतोस? लेकरं काय तुझं रजिस्टर पांघरून निजतील?”

प्रदर्शन वैशाखावर गेले. मधल्या काळात घरातून एक ‘आदर्श नमुना’ तयार व्हावा असा हुकूम सुटला. तेव्हा ओसरीवर पत्नीचे विटके लुगडे अंथरण्यात आले, त्यावर धोतरांचे व चादरींचे थर पडले, चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता आणि दोन तांबे ठेवून कापडाची हालचाल रोखण्यात आली, आणि सासू, दोघी सुना व आत्याबाई अशा चौघी चार बाजूंनी धावदोरा घालीत मध्याकडे सरकू लागल्या. आत्याबाईंना मोतीबिंदूमुळे दिसत नसे, पण टाक्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवीत त्या बिनचूक सांगत, “हितं थोरलीचा हात सरला, हितून धाकटीचा.” थोरलीचा टाका तिळाएवढा, धाकटीचे लक्ष चुलीवरच्या दुधाकडे असल्यामुळे तिचा टाका बोटभर. त्या थरांत अण्णांना, खिशावर शाईचा डाग असलेला आपला कचेरीचा सदरा दिसला. इतक्या महत्त्वाच्या दस्तऐवजाची विनापरवाना विल्हेवाट कोणी लावली, असा त्यांनी जाब विचारताच पत्नी म्हणाली, “बाही फाटली होती,” आणि खिशावरून दोन टाके अधिक घालून तिने ते प्रकरण कायमचे मिटविले.

वैशाखात मात्र वाकळींची रीघ लागली, आणि अण्णांच्या रजिस्टरावर खरा प्रसंग गुदरला. ‘कर्त्रीचे नाव’ या रकान्यात एकच नाव मावत होते. येथे तर एकेका वाकळीला सासूने कड धरलेली, जावेने मध्य भरलेला, माहेरपणाला आलेल्या नणंदेने कोपरा उरकलेला. ‘मौजे’ या रकान्यापुढे एका म्हातारीने शांतपणे सांगितले, “गाव धरणात हाय.” सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचे पाणी ओळखणारा रकाना कोणत्याच नमुन्यात नसल्याने अण्णांनी बराच वेळ लेखणी वर धरली, आणि अखेर ‘पाण्याखाली, वहिवाट चालू’ अशी नोंद केली.

उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, हे सांगून टाळ्या घेतल्या. परंतु श्रोत्या बायका भिंतीकडे पाहतच नव्हत्या; त्यांनी टांगलेल्या वाकळी उलटून पाठ तपासण्यास प्रारंभ केला होता, कारण शिवणारणीची खरी इभ्रत मागच्या बाजूस कळते. खरे तर दरवर्षी घटस्थापनेपूर्वी दसरा काढताना सिंदफणेच्या काठी, झुडपाझुडपावर वाळत घातलेल्या वाकळींचे याहून मोठे प्रदर्शन इश्तिहाराविना भरते, आणि तेथेच कोणाच्या घरी किती माणसे, किती ऐपत व किती आळस याची बिनबोभाट रुजुवात होत असते. बक्षिसाचा निर्णय परीक्षकांना करवला नाही, कारण ज्या वाकळीस ते प्रथम क्रमांक देऊ लागले तिच्यावर सात बायकांनी हक्क सांगितला आणि सातही दावे खरे ठरले. सायंकाळी बायकांनी आपापल्या वाकळी परस्पर उतरवून घड्या घातल्या व नेल्या. क्रमांकाच्या चिठ्ठ्यांच्या टाचण्या मात्र अनेकींत तशाच राहिल्या, आणि पुढील आठवडाभर तालुक्यातील कित्येक कुटुंबांना मध्यरात्री अण्णांचे तीव्र स्मरण झाले.

मांडवावरचा मांजरपाटाचा फलक अण्णांनी पुढील सालासाठी राखून ठेवण्याची आज्ञा केली होती. मृगाच्या आधी तो एका नव्या दुपट्याच्या पोटात, अक्षरे खाली करून, गेलेला आढळला. अण्णांनी चौकशी नेमली नाही. त्यांनी रजिस्टर उघडले, पुढील सालचा अनुक्रमांक एक म्हणून त्या दुपट्याची नोंद केली, ‘कर्त्रीचे नाव’ या रकान्यात चारही नावे दाटीवाटीने बसविली, आणि कापड आपले असल्याच्या आधारे समासात पाचवे आपले लिहिले.