बैठक जीवाश्मांची

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. उकळत्या लाव्हात कोण कशाला जीवाश्म होऊन बसेल? म्हणून भूशास्त्राची सहल चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला. तिथल्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या खडकांच्या थरांत डायनासोरांची हाडं मिळतात, आणि त्याहून मोलाची अश्मीभूत विष्ठा. तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हतं, हा समज मोडला.

सहलीच्या तयारीच्या बैठकीत मात्र वाद पेटला तो पोहे की उपमा यावर. नाल्याकाठचे थर पाणी ओसरून उघडे पडले असतील का, असं विचारणाऱ्या सरांना ‘विषयांतर नको’ म्हणून गप्प केलं. हातोडे दोन, त्यातल्या एकाला दांडा नाही. बॅनर तयार आहे. सेल्फीत विष्ठा कोणत्या हातात धरावी, याचं परिपत्रक तेवढं निघायचंय.