मोडक्या मानेचा भाव

दुरुस्त केलेली जुनी, पोकळ पेटीची इलेक्ट्रिक गिटार विकायची तर मान कधीच मोडली नव्हती हे आधी पटवून द्यावं लागतं. मोडून चिकटवलेली मान म्हणजे भाव निम्म्यावर. वर नवा रंग दिला असेल तर आणखी खाली. घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघावेत तसं गिऱ्हाईक फटीतून आरसा घालून आतले सांधे आणि डाखकाम बघतं. नुसती शिंगं रंगवून इथे भागत नाही.

हे नियम अर्थात साध्या माणसांसाठी; मोठ्यांचं गणित वेगळं. नगरहून दौंडकडे निघालं की अरणगावला मेहेरबाबांची समाधी लागते. बाबांनी १९२५ मध्ये मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांचा भक्त, गिटारवादक पीट टाउनशेंड मात्र ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडमध्ये कानठळ्या बसवायचा आणि शेवटी गिटार आपटायचा. (मौनाची भरपाई कुणीतरी करायलाच हवी होती.) गिटारवादक जो वॉल्शने त्याला अशीच एक जुनी, पोकळ पेटीची गिटार, ग्रेच ६१२०, भेट दिली. १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बममध्ये ती वाजली, त्यातल्या पहिल्याच गाण्याच्या नावात बाबा आहेत. १९७३ मध्ये टीव्हीच्या कार्यक्रमात साहेबांनी तीही आपटली. मग दुरुस्ती.

ती उद्या विकायला निघाली तर निम्मा भाव कोण सांगेल? उलट तडा नेमका कुठे आहे, असं कौतुकाने विचारतील. नगरच्या सावेडीतल्या पोराची गिटार जिन्यावरून घरंगळली असेल, तर त्याने मुकाट्याने पन्नास टक्के कमी करावेत.