मानेसरची आत्या

मराठी घरात बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. कंपनीची आत्या मात्र हरियाणात, मानेसरला बसते. केंद्रीय नोंदणी केंद्र तिचं नाव. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ बाळ इचलकरंजीचं असो की पणजीचं, हक्क तिचाच. फरक एवढाच की ही आत्या नाव सुचवत नाही, नाकारते.

‘स्पाइस प्लस’ अर्जात दोन नावं लिहायची, 1000 रुपये भरायचे आणि वाट पाहायची. त्याआधी घरी बैठक झालेली असतेच. वडिलांना कुलदैवत हवं असतं, चिरंजीवांना परदेशी वाटेल असं काहीतरी. शेवटी अंकशास्त्रवाले स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ई’ कोंबून भाग्योदयाची तारीखही देऊन टाकतात.

तो ‘ई’च अंगाशी येतो. 2014 च्या कंपनी स्थापना नियमांतला आठवा नियम 2019 मध्ये नव्याने लिहिला गेला, तोही उदाहरणांसकट. ‘बी के लिमिटेड’ आधीपासून असेल, तर दोन ‘ई’ लावा, तीन लावा, मध्ये टिंबं द्या. नाव तेच धरलं जाणार. ‘रवी बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स’चं ‘रवी कॉन्ट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स’ केलं तरी रवी तोच. ‘डॉट कॉम’चं शेपूट जोडूनही सुटका नाही. ‘डिस्क सोल्यूशन्स’मधला ‘सी’ काढून ‘के’ बसवला तरी नाव एकच, ‘डिस्को सोल्यूशन्स’ मात्र वेगळं!

हे सगळं राजपत्रात छापलेलं आहे.

भारदस्त शब्द घ्यावा म्हटलं, तर ‘आयोग’, ‘पंतप्रधान’, ‘राष्ट्रपती’ यांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी. ‘बँक’ म्हणायचं तर रिझर्व्ह बँकेचा होकार आणा. उरतं ते ‘इन्फ्रा’, ‘टेक’ आणि ‘ग्लोबल’. गल्लीच्या टोकापलीकडे गिऱ्हाईक नसलं तरी ‘ग्लोबल’ व्हायला आडकाठी नाही.

नाव मंजूर झालं की ते 20 दिवस राखून ठेवलं जातं. सीएसाहेब गणपतीला गावी गेले आणि कागदपत्रं अडकली, तर आणखी 1000 भरून मुदत 40 दिवसांपर्यंत जाते. थेट 60 हवे असतील तर 3000. पोटभाडेकरूलाही इतकी चोख पावती मिळत नाही.

मंजुरी मिळाली म्हणून नाव आपलं झालं, असंही नाही. मिळत्याजुळत्या ट्रेडमार्कचा मालक तीन वर्षांत तक्रार घेऊन उभा राहू शकतो. मग प्रादेशिक संचालक नाव बदलण्याचा आदेश देतात आणि कंपनीला तीन महिने मिळतात. तेवढ्यात बदललं नाही, तर सप्टेंबर 2021 पासून आत्याबाईंचं खातं स्वतःच नाव ठेवतं: ‘ओआरडीएनसी’, म्हणजे ‘संचालकांचा आदेश पाळला नाही’ याची इंग्रजी आद्याक्षरं, पुढे आदेशाचं वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा 21 अक्षरी ओळख क्रमांक. पाटीवर आणि लेटरहेडवर त्याखाली कंसात तो गुन्हाही सविस्तर छापायचा.

या नावाला पर्यायी दुसरं नाव मात्र सुचवावं लागत नाही.