पत्र्यावरचा धोंडा

आमच्या फुलसावंगी गावात दगडाला मान नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा मान वर करून पत्रे बघावेत. वैशाखातलं वावधन पत्रा उचलून पार हिंगोलीला नेऊन टाकेल, या भीतीनं आम्ही वर दगड, विटा, फुटकं उखळ, जे हाती लागेल ते ठेवतो. आमच्या शेजारच्या आजोबांकडे तर सगळ्यात जुना ऐवज म्हणजे पत्र्यावरचा धोंडा.

10 जुलै 2024 ला सकाळी 7 वाजून 14 मिनिटांनी धरती हलली. केंद्र कळमनुरीकडे, तीव्रता 4.5, पण उमरखेड-महागावपर्यंत भांडी वाजली. भूकंपात मोकळ्या जागेत जावं म्हणतात, म्हणून आम्ही सगळे गल्लीत आलो. गल्ली आठ फुटांची. दोन्ही बाजूंना पत्रे आणि पत्र्यांवर ते मानकरी. घरात एकट्याचाच दगड होता, गल्लीत साऱ्या आळीचे मिळाले.

त्याच वर्षी 21 मार्चलाही दहा-अकरा मिनिटांत दोन धक्के बसले होते. तेव्हा प्रशासनानं आवाहन केलं होतं की पत्र्यावरचे दगड काढा. सल्ला सोळा आणे खरा. आजोबांचा प्रश्नही खरा, "वारं आलं का चढवाचा, धरती हालली का उतरवाचा. अन् दोघं संगंच आले तं?"

मी म्हणतो, हे काम रोजगार हमीत घ्या. सकाळी दगड चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. मजुरीही मिळेल आणि कामही कधी संपणार नाही.

किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती बुडवून दमलेली माणसं झोपेत असताना, भूकंपानं मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतीच अंगावर आल्या. हजारो माणसं गेली. भिंती एकमेकींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा हवा, पत्र्याला नीट आवळलेले हूक हवेत, एवढं तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. अडचण इतकीच, की उभ्या घराचा पंचनामा होत नाही. त्यासाठी आधी ते पडावं लागतं.

पुराचंही तेच. जुलै 2023 मध्ये, नेमका धोंड्याचा महिना, आमच्याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं, तेव्हा थेट हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली.

हेलिकॉप्टरचं नाव निघालं की मात्र गाव गप्प होतं. इथल्याच एका पत्रा-वेल्डिंगच्या कारागीर पोरानं स्वतः हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना पंखा तुटला आणि तो पोरगा गेला. त्याच्यावर विनोद करायची माझी छाती नाही. पण ज्या गावच्या हाताला एवढं येतं, त्या गावाचे पत्रे दगडाच्या भरवशावर असावेत?

हे मी आजोबांना ऐकवलं. ते चिडले, पण आठवड्यात त्यांनी हूक आणले, बसवले आणि मला बोलावून दाखवले. मी वर पाहिलं. धोंडा जागेवरच!

"आजोबा, हा काहून ठेवला?"

"हूक उडून जातीन ना बाप्पा!"